बिळांतील चोर आणि बिळांतील राखणदार

बांधावर बीळ दिसलें कीं तें उंदराचें, आणि उंदराचें म्हणून त्यांत विष घालावयाचें, अशी रीत आपल्याकडे पडली आहे. उंदरांपासून होणारें नुकसान आम्ही लहान मानीत नाहीं. परंतु बिळांत कोण राहतें हें न पाहतां केलेला उपाय पुष्कळदां चोरास सोडून राखणदारासच मारतो, हें वाचकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्याचें डांगाण आहे. १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर याच तालुक्याच्या हद्दीवर उभें आहे. येथें भाताचीं खाचरें, उतारावरील नागली-वरईचे तुकडे, दगडी ताली आणि गवताळ पडीक जमीन एकमेकांस लागून असते. जमीन जितकी निरनिराळी, तितके तीत राहणारे लहान प्राणीही निरनिराळे असतात.

प्रथम चोरांचा विचार करूं. धाकटी घूस बांधांत लांब बोगदे पाडते, तोंडाशीं ताज्या मातीचा ढीग टाकते आणि कणसें आंत नेऊन कोठार भरते. धान्य तर जातेंच, शिवाय बांध पोखरल्यामुळें खाचरांतील पाणीही निघून जातें. पूर्वेकडील काळ्या रानांत मऊ केसांचा शेतउंदीर उन्हाळ्यांतील भेगांचा आश्रय घेतो. सर वॉल्टर इलियट यांनीं धारवाडकडील मुलुखाविषयीं लिहून ठेविलें आहे कीं, एरव्हीं पावसानें भेगा बुजून हे उंदीर मोठ्या संख्येनें मरतात. परंतु १८२६ सालीं आरंभींचा पाऊस कमी पडल्यामुळें त्यांची बेसुमार वाढ झाली. त्यांनीं पेरलेलें बीं खाल्लें आणि पुढें ज्वारीच्या ताटांवर चढून कणसें तोडलीं. १८७६-७८ च्या दुष्काळामागून १८७८-७९ सालींही दख्खनमध्यें उंदरांचा मोठा उपद्रव झाला. यावरून अवर्षणाच्या सालीं आणि त्यामागील हंगामांत विशेष सावध राहावें, हें उघड होतें.

आतां राखणदार पाहूं. चिचुंद्रीस आपण उंदीर समजतों, पण ती त्या कुळांतली नव्हे. उंदराचे पुढचे दांत पटाशीसारखे असून जन्मभर वाढतात. ते झिजविण्यासाठीं त्यास सतत कुरतडावें लागतें. चिचुंद्रीचें तोंड निमुळतें, दांत बारीक व टोकदार, आणि आहार मुख्यत्वें किड्यांचा असतो. मुंगूस तर उंदरांचा उघड वैरी आहे, व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास संरक्षणही आहे. सर्व उंदीरही सारखे नसतात. सिंहगडावरील एका उंदराची नवी जात म्हणून १९७५ सालीं नोंद झाली, व गडाच्या जुन्या नांवावरून त्यास कोंडाणा हें नांव मिळालें. अशा डोंगरी जातींस शेताचे चोर मानणें योग्य नाहीं.

मग करावें काय? सायंकाळीं सर्व बिळांचीं तोंडें मातीनें बुजवावीं. सकाळीं जीं उकरलेलीं दिसतील तेथें वस्ती आहे असें समजावें. ताज्या मातीचा ढीग, ओढून नेलेलीं कणसें, कुरतडलेलीं ताटें या खुणा असतील तरच उपाय करावा. दोन-तीन दिवस तेल लावलेलें भरड धान्य बिनविषारी ठेवावें, म्हणजे उंदरांचा संशय फिटतो. नंतर अशा धान्याचे ४९ भाग, तेल १ भाग व झिंक फॉस्फाइड १ भाग काठीनें मिसळून बिळाच्या आंतच घालावें. उघड्यावर टाकूं नये, हात लावूं नये. मेलेले उंदीर खोल पुरावे. एकट्यानें केलेला उपाय टिकत नाहीं, शेजारच्या रानांतून नवे उंदीर येतात. म्हणून पेरणीपूर्वीं सर्व गांवानें एकाच वेळीं हें काम करावें.

यांत केवळ धान्याचाच प्रश्न नाहीं. शेजारच्या बीड जिल्ह्यांत १९९४ सालीं प्लेगचा उद्भव झाला होता, आणि प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत माणसांत येतो. म्हणून धान्य घरांत उघडें न ठेवतां पत्र्याच्या कणगींत ठेवावें. बांधावरील धामण व झाडाच्या ढोलींतील घुबड यांसही मारूं नये. उंदीर धरण्याचें काम तीं विनामूल्य करतात. बीळ बुजवून एक रात्र वाट पाहण्यास खर्च कांहींच नाहीं, पण तेवढ्यानें चोर कोण व राखणदार कोण हें ओळखण्याची पहिली पायरी हातीं लागते.