मेंदूतील वाटाड्ये

गुळाच्या ढेपेकडे निघालेली मुंग्यांची रांग आपण सर्वांनीच पाहिली आहे. पुढच्या मुंगीने जमिनीवर सोडलेल्या वासाचा माग काढीत मागची मुंगी नेमकी ढेपेपाशी पोचते. काहीसा असाच प्रकार आईच्या पोटात, गर्भाच्या मेंदूतही घडत असतो.

मेंदूचे काम करणाऱ्या मज्जापेशी जिथे जन्मतात तिथेच राहत नाहीत. मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्या काठाशी पुष्कळशा पेशी तयार होतात आणि तेथून बाहेरच्या थराकडे निघतात. माणसाच्या गर्भात हा प्रवास मुख्यतः तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात होतो. मांडवाच्या मेढीवरून वेल चढावा, तशा या पेशी लांबट आधारपेशींच्या धाग्यांवरून वर सरकतात. आधी आलेल्या आतल्या थरांत मुक्काम करतात. मागून आलेल्या त्यांना ओलांडून वरच्या थरांत जातात.

पण कुठे थांबायचे, हे त्यांना सांगते कोण? पृष्ठभागालगतच्या काही पेशी एक प्रथिन पाझरीत असतात. त्याचे नाव रीलिन. त्याचा शोध एका उंदरामुळे लागला. १९५१ साली एडिंबरो येथे फाल्कनर यांनी चालताना झोकांड्या खाणाऱ्या उंदरांच्या एका जातीचे वर्णन केले. या उंदरांच्या मेंदूतील थर जवळजवळ उलटे लागलेले असतात, असे पुढे दिसून आले. १९९५ साली उलगडा झाला, की त्यांच्यात रीलिन बनविणारे जनुकच बिघडलेले आहे. निरोपच नाही, मग पाहुण्यांनी बसावे कुठे?

दुसरा वाटाड्या तर नावाने आपल्याच घरचा आहे. १९९४ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे टेसिए-लाव्हीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या हजारो गर्भांच्या मेंदूंतून एक प्रथिन वेगळे केले. मज्जातंतूंना ते आपल्याकडे ओढून घेई. त्याचे नाव ठेवले नेट्रिन. संस्कृतात 'नेतृ' म्हणजे वाट दाखविणारा. त्यावरून हे नाव! पुढे दिसले, की कित्येक मज्जापेशीही याच्याच मागाने चालतात. आणि मौज पाहा, हेच द्रव्य काही पेशींना जवळ बोलावते, तर काहींना दूर लोटते. पेशीच्या अंगावर या किल्लीचे कोणते कुलूप आहे, त्यावर ते ठरते.

हे सारे खेड्यापाड्यांत कशाला सांगायचे? मूल मंद निघाले, की अजूनही काही घरांत म्हणतात, 'हिने ग्रहणात विळी हातात धरली होती.' ग्रहणाचा या वाटाड्यांशी काडीमात्र संबंध नाही. जनुकातला दोष आईच्या हातचा नसतो. आपल्या हातचे मात्र थोडे आहे. आईच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा रस या पेशींच्या प्रवासालाही लागतो, आणि तो बनण्यास आयोडीन हवे. म्हणून गरोदर बाईच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठ असावे. दारू तर तिने थेंबभरही घेऊ नये. तिने पेशींची वाट चुकते.

तेव्हा गुरुजी, शाळेत मुंग्यांचा धडा निघाला, की ही दुसरी रांगही मुलांना जरूर सांगा. उद्या तीच मुले घरच्या सुनेला विनाकारण बोल लावणार नाहीत.