सॅट सॉल्व्हर: आधी आवराआवर, मग उत्तर

रत्नागिरीतून बोलतोय. आजचा विषय आहे सॅट. म्हणजे काय, तर 'हो की नाही' अशा अटींचा ढीग दिलाय; सगळ्या अटी एकाच वेळी पाळता येतील का, ते सांगायचं. नुसते 20 व्हेरिएबल असले तरी शक्यता दहा लाखांच्या वर जातात. म्हणून चांगला सॉल्व्हर शोधायला लागण्याआधी फॉर्म्युला आवरून घेतो.

आपल्याच स्टेशनचं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रत्नागिरी ते निवसर एकेरी रूळ आहे. दोन गाड्या समोरासमोरून येतायत, तर एकीला थांबावंच लागणार.

अ: गोव्याकडे जाणारी गाडी रत्नागिरीत थांबते.
ब: मुंबईकडे जाणारी गाडी निवसरला थांबते.
क: रत्नागिरीची लूप लाइन मोकळी आहे.

पहिली अट: 'अ किंवा ब'. दुसरी: 'अ नाही, किंवा क'. कारण थांबायचं तर लूप मोकळी हवी.

एकटी अट आधी. समजा कळलं की लूपवर मालगाडी उभी आहे. म्हणजे क खोटं. मग अ खोटं, आणि म्हणून ब खरं. शोधाशोध न करताच काम झालं!

फुकटची अट काढा. 'अ किंवा ब' पाळलं की 'अ किंवा ब किंवा ड' आपोआप पाळलं जातं. मग ती लांब अट ठेवायची कशाला?

व्हेरिएबलच उडवा. आता मालगाडीची बातमी विसरा. अ खरं असेल तर क हवं, खोटं असेल तर ब हवं. म्हणजे दोन्ही अटींऐवजी एकच उरते: 'ब किंवा क'. मार्टिन डेव्हिस आणि हिलरी पटनम यांनी 1960 मध्ये हीच पद्धत मांडली. पण अडचण अशी, की व्हेरिएबल 10 अटींत सरळ आणि 10 अटींत उलटा असेल, तर 20 अटी जाऊन 100 पर्यंत नव्या येऊ शकतात. म्हणून 2005 मध्ये निक्लास एएन आणि आर्मिन बिअरे यांच्या सॅटएलाइटने नियम ठेवला: अटींची संख्या वाढणार नसेल तरच उडवायचं.

आता खरी गोम. मूळ दोन अटींची उत्तरं मोजा: 4. 'ब किंवा क' ची मोजा: 3. ब आणि क दोन्ही खरे असताना अ कसाही चालत होता, ती दोन उत्तरं एकात मिसळली. म्हणजे 'उत्तर आहे का?' याचा निकाल तोच राहिला, पण 'किती आहेत?' याचा बदलला.

आणि मोजणी लागते बरं का, उदाहरणार्थ शक्यतेचं प्रमाण काढताना. आयआयटी मुंबईचे सुप्रतीक चक्रवर्ती, तिथूनच शिकलेले कुलदीप मील आणि मोशे वर्डी यांनी 2013 मध्ये अशा अंदाजे मोजणीसाठीच अप्रॉक्सएमसी मांडलं.

एकच उत्तर हवं असेल तर उडवलेल्या अटी बाजूला जपून ठेवा; ब आणि क मिळाले की त्यांवरून अ परत काढता येतो. मोजायचं असेल, तर संख्या न बदलणारीच आवराआवर करा. प्रश्न कुठला, ते आधी ठरवा. मगच बटण दाबा.

भेटू पुढच्या भागात!