बेत रविवार संध्याकाळपासून आखावा

गुरुवारची संध्याकाळ झाली, की डोंगरवेड्या माणसाचं कामात लक्ष लागेनासं होतं. पूर्वी ऑफिसातले फोन खणखणायचे, आता व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतात. प्रश्न मात्र तोच असतो. ‘‘काय रे, या शनिवारी कुठं?’’ मग कुणी राजगड म्हणतं, कुणी हरिश्चंद्रगड. पिठलं कोण आणणार, कांदे किती घ्यायचे, शेकोटीला लाकडं मिळतील का, यावर तासभर चर्चा होते. निघायची वेळ ठरते, भेटायची जागा ठरते आणि बेत पक्का झाला असं सगळे समजतात. आयुष्याची बरीच वर्षं मीही तसंच समजत होतो.

आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की हा बेत अर्धाच असतो. डोंगरातल्या दोन दिवसांचा बेत शनिवारी पहाटेपासून आखत जायचा नसतो. तो रविवारी संध्याकाळपासून उलटा मागे आखत यायचा असतो. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. त्यासाठी एक रात्र उघड्यावर काढावी लागली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. डिसेंबरचा पहिला पंधरवडा, अमावास्येच्या आसपासचे दिवस. आम्ही पाच मित्र पुण्याहून हरिश्चंद्रगडाला गेलो होतो. खुबी फाट्याला उतरायचं, पिंपळगाव जोग्याच्या धरणाच्या भिंतीवरून चालत खिरेश्वर गाठायचं, तिथून टोलार खिंड आणि मग वर गड, अशी ती नेहमीची वाट. शनिवारी कोकणकड्यावरून सूर्यास्त पाहिला, रात्री मोठी शेकोटी केली आणि दोन वाजेपर्यंत गाणी म्हटली. साहजिकच रविवारी उठायला नऊ वाजले. तारामतीचं शिखर राहिलं होतं. इतक्या लांब आलोय तर पाहूनच जाऊ, असं ठरलं. ते करून, जेवून, गड सोडायला अडीच वाजून गेले.

गडावरून टोलार खिंडीकडे येताना लहानमोठ्या टेकड्या ओलांडत यावं लागतं. त्या संपून खिंडीवरचा कातळ उतरायचा, तोवर सूर्य डोंगराआड गेला होता. पाचजणांत मिळून दोन विजेऱ्या; त्यातल्या एकीचे सेल रात्री गाण्यांच्या नादात संपवलेले. खिंड ओलांडल्यावर मळलेली वाट समजून आम्ही एका ढोरवाटेला लागलो. गुरांच्या पायांनी पडलेल्या या वाटा सुरुवातीला फार खात्रीच्या दिसतात, आणि मग एखाद्या झुडपाशी मुकाट्यानं संपतात. तशी ती संपली. आम्ही परत फिरलो, दुसरी धरली, तीही संपली. एकाचा पाय मुरगळला. शेवटी एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसून राहिलो आणि कुडकुडत रात्र काढली. पहाटे खिरेश्वरचे एक म्हातारबाबा हरवलेली म्हैस शोधत आले. त्यांनी आम्हाला पाहिलं, विडी पेटवली आणि म्हणाले, ‘‘वाट सुटली म्हंजी चालायचं न्हाई, पोरांनो. बसायचं. तुम्ही बसला ते बरं केलं, पण दोन तास उशिरा बसला.’’ आम्ही बसलो होतो तिथून वीस पावलांवर ओढ्याचा खोल कडा होता.

तुम्ही म्हणाल, सुखरूप आलात ना, मग झालं. पण खरी गोष्ट पुढे आहे. घरी आम्ही काय सांगून गेलो होतो? ‘‘किल्ल्यावर जातोय, रविवारी रात्री येतो.’’ कुठला किल्ला, कुठल्या वाटेनं, काही नाही. रात्री बारा वाजले तरी मुलगा आला नाही, म्हणून माझ्या एका मित्राचे वडील स्कूटर घेऊन निघाले ते थेट लोहगडाकडे. कारण मागच्या महिन्यात आम्ही तिथं गेलो होतो. पहाटेपर्यंत ते त्या पायथ्याच्या वस्तीत दारं ठोठावत होते. सोमवारी दुपारी आम्ही घरी पोचलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. रागावले नाहीत. ‘‘जेवलात का?’’ एवढंच विचारलं. तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही.

आता हाच बेत उलटा आखून पाहू. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. हाताशी दीड तास राखीव हवा, म्हणजे साडेचारला पायथ्याच्या गावात पोचलंच पाहिजे. मग गड कधी सोडायचा? यासाठी एक जुना हिशेब आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली तो मांडला. दर तीन मैलांना, म्हणजे साधारण पाच किलोमीटरला, एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. समजा, वाट दहा किलोमीटरची आणि चढ दोन हजार फुटांचा आहे. म्हणजे तीन तास झाले. पण हा हिशेब थंड हवेतल्या, सलग चालणाऱ्या सराईत माणसाचा. आपल्या पाठीवर मुक्कामाचं ओझं, पायाखाली घसारा आणि डोक्यावर सह्याद्रीचं ऊन. म्हणून मी त्याची दीडपट करतो. साडेचार तास. उतरताना दम कमी लागतो हे खरं, पण थकलेले गुडघे तो फायदा बराचसा खाऊन टाकतात. म्हणून उतरायलाही चार तास धरावेत.

म्हणजे साडेबाराला गड सोडायचा. त्यासाठी सहाला उठायचं, आणि त्यासाठी रात्री दहाला झोपायचं. शनिवारी चारपर्यंत मुक्कामाला पोचायचं, तर साडेअकराला चढाई सुरू झाली पाहिजे; म्हणजे घरातून पहाटेच निघायला हवं आणि सामान शुक्रवारी रात्रीच बांधून तयार हवं. बघा, रविवारच्या सूर्यास्तानं शुक्रवारची रात्रसुद्धा ठरवून टाकली. आणि साडेबारा ही वेळ एकदा ठरली, की ती मोडायची नाही. शिखर हाकेच्या अंतरावर असलं तरी परत फिरायचं. हा निर्णय घरी, पोटभर जेवलेलं असताना घ्यायचा असतो. शिखर समोर दिसत असताना तो कुणालाच घेता येत नाही.

पुस्तकातल्या रानविद्येबद्दल इथं एक सावधगिरी सांगतो. हात लांब करून मावळतीचा सूर्य आणि क्षितिज यांमध्ये बोटं आडवी धरायची. प्रत्येक बोटाला पंधरा मिनिटं, चार बोटांना एक तास, असा नियम परदेशी पुस्तकांत हमखास सापडतो. युक्ती चांगली आहे, पण ती लिहिली गेली उत्तरेकडच्या देशांसाठी. तिथं सूर्य तिरका, रेंगाळत मावळतो. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली उतरतो. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. आपल्या डोंगरात चार बोटांना चाळीस मिनिटंसुद्धा पुरी मिळत नाहीत. संधिप्रकाशही तिकडच्यासारखा लांबत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत वाट दिसेनाशी होते. आणि आपण डोंगराच्या पूर्वेच्या पायथ्याला असलो, तर सूर्य त्याही आधी कड्याआड जातो. म्हणून बोट एक आणि मिनिटं नऊ, असा आपला हिशेब धरावा.

शेकोटीचंही तसंच आहे. रानात राहायची आवड असलेल्या माणसाला जाळाचं वेड असतं, हे मी माझ्यावरून सांगतो. वाळकं गवत, त्यावर काडीइतक्या काटक्या, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढं लाकूड, अशी ती रचायची कला शिकण्यासारखी आहे. पण कुठं? आम्ही त्या रात्री जिथं जाळ केला, तो सगळा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, हे आमच्या गावीही नव्हतं. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. राखीव जंगलातही तशी मनाई आहे. कायदा बाजूला ठेवा. डिसेंबरनंतर सह्याद्रीचा माथा वाळक्या गवतानं पिवळा होतो. एक ठिणगी उडाली तर वणवा आवरायला तिथं कुणीही नसतं. आपण सरपण म्हणून मोडतो ती कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. शिवाय धुरानं कड्यावरचं आग्या मोहोळ उठतं, आणि ते उठलं की पळायला वाट नसते. तेव्हा शेकोटीची हौस असेल तर पायथ्याच्या गावात मुक्काम करावा, ओळखीच्या घरी अंगणातल्या चुलीपुढं बसावं, आणि भाकरीचे पैसे देताना घासाघीस करू नये. निघण्याआधी चुलीतली आग विझली का, हे राखेजवळ हाताची मागची बाजू धरून पाहायचं तेवढं त्या घरच्या मुलीकडून शिकून घ्यावं.

पाण्याबद्दल थोडक्यात. दिवसाच्या चालीला माणशी तीन लिटर पाणी घरूनच भरून घ्यावं. गडावर टाकी असतात, पण होळीनंतर त्यातली किती कोरडी पडतात याचा भरवसा नसतो; गावात विचारून मगच वर जावं. टाक्यातलं पाणी स्वच्छ दिसलं तरी फडक्यातून गाळून उकळावं. चांगली उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं. खिशात लिंबू, मीठ आणि साखर असावी. ऑक्टोबरच्या उन्हात माणूस दमला म्हणून बसत नाही, पाणी संपलं म्हणून बसतो.

पावसाळ्याचा बेत मात्र वेगळा. तिथं सूर्यास्ताच्याही आधी पाण्याचा हिशेब येतो. ३० जून २०२४ रोजी, रविवारीच, लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर डोंगरात पडलेला पाऊस काही मिनिटांत ओढ्यात उतरतो. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी कमरेला लागतं. म्हणून जाताना ओढा ओलांडायचा असेल, तर येताना तो ओलांडता आला नाही तर काय, याचं उत्तर घरूनच घेऊन निघावं. उत्तर नसेल तर त्या ओढ्यापलीकडचा बेतच करू नये.

सामानाची यादी प्रत्येकाची वेगळी असते, पण तीन वस्तूंवर मी हट्ट धरतो. पहिली, प्रत्येकाची स्वतःची विजेरी आणि वेगळे सेल. मोबाइलचा दिवा मोजायचा नाही, कारण तोच मोबाइल मदतीला बोलवायला लागणार असतो. दुसरी, दोन रुपयांची वाटेल अशी साधी शिट्टी. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा वेळा. डोंगरात मदत मागायची ही जगभर मानलेली खूण आहे. ऐकणारा मिनिटात तीन वेळा वाजवून उत्तर देतो. विजेरीच्या उघडझापीनंही हेच करता येतं. त्या रात्री आम्ही हाका मारून मारून घसे बसवले. एक शिट्टी असती तर बहुधा खिरेश्वरपर्यंत ऐकू गेली असती.

तिसरी वस्तू सॅकमध्ये घालायची नाही. ती घरी ठेवून जायची. एक चिठ्ठी. त्यात लिहायचं गडाचं नाव, पायथ्याचं गाव, चढायची वाट, उतरायची वाट, बरोबरच्यांची नावं आणि त्यांच्या घरचे फोन, गाडी असेल तर तिचा नंबर. आणि शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. ‘रविवारी रात्री दहापर्यंत माझा फोन आला नाही, तर ११२ क्रमांकावर कळवावं आणि ही चिठ्ठी वाचून दाखवावी.’ कित्येक दऱ्याखोऱ्यांत अजूनही मोबाइलला आवाज नसतो. वाट चुकलेल्यांना शोधायला जाणारे गावकरी आणि गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक जिवाचं रान करतात, पण शोधायचं कुठं हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. चिठ्ठी लिहिल्यावर तिच्याशी इमान राखायचं. वर गेल्यावर ‘चला, दुसऱ्या वाटेनं उतरू’ अशी लहर आली, तर ती पुढच्या खेपेला ठेवायची.

एवढे नियम पाळायचे तर मजा काय राहिली, असं तरुण मुलं मला विचारतात. मी त्यांना सांगतो, मजा शनिवारी संध्याकाळी चारला सुरू होते. उजेड आहे, पाणी भरलेलं आहे, उद्या किती वाजता निघायचं ते ठरलेलं आहे. आता कोकणकड्यावर बसून दोन तास काहीही करायचं नाही. आमच्या पहिल्या खेपेला हे दोन तास कधी मिळालेच नव्हते. आम्ही सूर्यास्त धावत जाऊन पाहिला होता.

त्या मित्राचे वडील आता नाहीत. पण आम्ही चौघं अजूनही वर्षातून एकदा खिरेश्वरला जातो. पाचवा गुडघ्यामुळे गावातच थांबतो. निघण्याच्या आदल्या रात्री माझी मुलगी न चुकता विचारते, ‘‘बाबा, चिठ्ठी?’’ ती फ्रिजवर लावलेली असते. रविवारी रात्री घरी आल्यावर मी ती माझ्या हातानं काढतो. बूट नंतर.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)