सॉफ्टवेअरची पारख आणि स्वतंत्र परीक्षणे

लुधियान्याचा होजियरी कारखानदार सूत घ्यावयास गेला म्हणजे लडी उलगडून पाहतो, धागा बोटांत पिळतो आणि प्रसंगी त्याला काडी लावून, येणाऱ्या वासावरून लोकर खरी की कृत्रिम हे ठरवितो. हाच मनुष्य जमाखर्चाचे सॉफ्टवेअर घेण्यास निघाला की त्याच्या हातातील सर्व कसोट्या निरुपयोगी होतात. पडद्यावरील रंगीत चौकटी सर्वांच्याच आकर्षक असतात. प्रात्यक्षिक दाखविणारा प्रतिनिधी सरावलेला असतो. दोष उघडकीस येतात ते मागाहून, म्हणजे वर्षभराचा व्यवहार त्यात नोंदवून झाल्यावर, आणि तोवर आपल्या वह्या परक्याच्या पेटीत कुलूपबंद झाल्यासारखी त्याची स्थिती झालेली असते.

ज्या वस्तूचा गुण वापरल्यावाचून कळत नाही, तिचा बाजार निराळ्याच नियमांनी चालतो. फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली पाहून पारखण्याच्या आणि अनुभवाने पारखण्याच्या वस्तू असा भेद केला. त्याच वर्षी जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखविले की, चांगले व वाईट यांतील फरक केवळ विकणाऱ्यालाच ठाऊक असेल तर गिऱ्हाईक चांगल्या मालालाही पुरती किंमत देण्यास कचरते, चांगला माल बाजारातून मागे सरतो आणि निकृष्ट तेवढा उरतो. ह्या विचारासाठी त्यांना २००१ साली अन्य दोघांसमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्रयस्थाने केलेल्या परीक्षणाचे महत्त्व येथेच आहे. विक्रेत्याजवळ असलेले ज्ञान ते गिऱ्हाइकाच्या हाती देते, निदान द्यावे अशी अपेक्षा असते.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेत १९३६ साली स्थापन झालेल्या कन्झ्युमर्स युनियनने आपल्या मासिकात जाहिराती न घेण्याचा आणि चाचणीचा माल साध्या गिऱ्हाइकाप्रमाणे दुकानातून विकत घेण्याचा नियम केला. जर्मनीत १९६४ साली श्टिफ्टुंग वारनटेस्ट आणि मुंबईत १९६६ साली कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ह्या संस्था निघाल्या. परंतु अशा संस्थांचा भर मुख्यतः घरगुती वस्तूंवर राहिला. लहान धंद्याच्या सॉफ्टवेअरविषयीची परीक्षणे आज बहुतांशी इंटरनेटवरील तुलनास्थळांवर वाचावयास मिळतात, आणि तेथे वाचणाऱ्याला काही द्यावे लागत नाही. मग खर्च कोण सोसतो? अनेक ठिकाणी तो सॉफ्टवेअरचा विक्रेताच सोसतो. वाचकाने त्याच्या नावावर टिचकी मारली, की ठरलेली रक्कम तो तुलनास्थळाला देतो. यात लबाडी असेलच असे नाही. मात्र यादीतील पहिला क्रमांक गुणाने मिळाला की पैशाने, हे जेथे स्पष्ट लिहिलेले नाही, तेथील क्रमांकाला जाहिरातीहून अधिक मोल देऊ नये.

वापरणाऱ्यांच्या अभिप्रायांचीही चिकित्सा करावी लागते. मायकेल लुका व जॉर्जिओस झेर्वास यांनी २०१६ साली बोस्टन शहरातील उपाहारगृहांविषयीचे येल्पवरील अभिप्राय तपासले. त्यांपैकी सुमारे १६ टक्के अभिप्राय येल्पच्या यंत्रणेने संशयास्पद म्हणून बाजूला काढले होते. ज्यांच्या नावावर थोडेच अभिप्राय होते किंवा ज्यांच्यावर नुकतीच टीका झाली होती, त्यांच्याकडून खोट्या स्तुतीचा आश्रय अधिक घेतला जात असल्याचे त्यांना आढळले. शिवाय खऱ्या अभिप्रायांतही एक तिरपेपणा असतो. अतिशय संतुष्ट आणि अतिशय संतप्त माणसेच लेखणी उचलतात, मध्यम समाधानाचा मनुष्य आपल्या कामाला लागतो.

सरासरी वाचताना संख्येचा विचार कसा करावा, याला लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाचा एक जुना नियम उपयोगी पडतो. समाधानी लोकांच्या संख्येत १ आणि एकूण संख्येत २ मिळवून मग भागाकार करावयाचा. एका सॉफ्टवेअरविषयी पाचच अभिप्राय आहेत आणि पाचही अनुकूल आहेत असे समजू. वरवर ते शंभर टक्के झाले, परंतु नियमाने ७ पैकी ६, म्हणजे ८५.७ टक्के होतात. दुसऱ्याविषयी २०० पैकी १९० अनुकूल आहेत. वरवर ९५, आणि नियमाने २०२ पैकी १९१, म्हणजे ९४.६ टक्के. पहिल्याची आघाडी गेली. अर्थात अभिप्राय प्रामाणिक व सरसकट घेतलेले आहेत, हे ह्या नियमात गृहीत असते. ते तसे नसतील तर कोणताही भागाकार त्यांना शुद्ध करू शकत नाही.

आकड्यांहूनही महत्त्वाचा प्रश्न असा की, लिहिणाऱ्याचे काम आपल्या कामासारखे आहे काय? आपल्या होजियरीवाल्याकडे स्वेटरचा एक नमुना पाच मापांत आणि सहा रंगांत निघतो. म्हणजे साठ्याच्या दृष्टीने तो एक माल नसून तीस प्रकार आहेत. किराणा दुकानदाराने पाच तारे दिलेले सॉफ्टवेअर हे तीस प्रकार निरनिराळे ठेवील की नाही, हे त्या ताऱ्यांवरून मुळीच कळत नाही. तेव्हा आपल्याच धंद्यातील माणसाने लिहिलेला, तीन तारे देऊन नेमकी अडचण सांगणारा एक परिच्छेद मला वीस स्तुतिपर ओळींहून अधिक मोलाचा वाटतो.

अभिप्रायाची तारीखही पाहावी. जमाखर्चाच्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा ३१ मार्चला होते, जेव्हा खाती बंद करून शिल्लक नव्या वर्षात न्यावयाची असते. खरेदीनंतर पंधरा दिवसांत लिहिणाऱ्याने ही परीक्षा पाहिलेलीच नसते. आणि परीक्षण १ जुलै २०१७ पूर्वीचे, म्हणजे वस्तू व सेवा कर लागू होण्याआधीचे असेल, तर भारतातील हिशेबाच्या दृष्टीने ते इतिहासजमा समजावे.

प्रशिक्षणाच्या सॉफ्टवेअरची गोष्ट किंचित निराळी आहे. शिवणयंत्रावरील काम शिकविणारी लहान संस्था मूडल वापरू शकते. २००२ साली ऑस्ट्रेलियात मार्टिन डुगियामास यांनी प्रसिद्ध केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, पण ते चालविण्यासाठी लागणारा सर्व्हर आणि जाणता मनुष्य विनामूल्य नसतो, आणि बऱ्याच तुलनांतील किमतीच्या रकान्यात केवळ शून्य लिहिलेले असते. स्कॉर्म ह्या मानकाचा उल्लेखही परीक्षणांत वारंवार येतो. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ साली निघाली. ह्या मानकामुळे एका प्रणालीसाठी केलेला पाठ दुसऱ्या प्रणालीत चालतो, परंतु कोणता विद्यार्थी कोठवर आला ही जुनी नोंद सहसा पाठाबरोबर जात नाही. ‘पाठ पूर्ण’ अशी नोंद काही पाठांत शेवटचे पान उघडताच होते. कारागिराला टाका सरळ घालता येतो की नाही, हे त्या नोंदीतून कळत नाही.

फसगत झाल्यास कायद्याचा आधार किती? भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली इंटरनेटवरील ग्राहक-अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शिफारस करणाऱ्याने विक्रेत्याशी असलेला आपला आर्थिक संबंध उघड करावा असे मार्गदर्शक नियम काढले. तथापि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने खरेदी करणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. केवळ स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्यास त्यात सवलत आहे. एकटा बसून स्वेटर विणणारा विणकर ग्राहक आयोगाकडे जाऊ शकेल. वीस कामगार ठेवणाऱ्या कारखानदाराला तो मार्ग बहुधा मिळणार नाही.

म्हणून परीक्षणे वाचून दोन-तीन नावे निवडावीत आणि पुढची चाचणी स्वतः करावी. बहुतेक विक्रेते काही दिवस विनामूल्य वापर देतात. गेल्या एका महिन्याची खरी बिले, परत आलेला माल आणि थकलेली उधारी यांसह, जुन्या वहीबरोबरच नव्या सॉफ्टवेअरमध्येही नोंदवावीत व दोन्हींची तेरीज जुळते का ते पाहावे. त्यानंतर सर्व नोंदी फाइलच्या रूपाने बाहेर काढाव्यात. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. तेवढ्या काळात विक्रेता धंदा बंद करील किंवा वर्गणी दुप्पट करील, हे कोणी सांगावे! ती फाइल ज्या संगणकावर ते सॉफ्टवेअर नाही अशा दुसऱ्या संगणकावर उघडावी. स्वेटरचे तीस प्रकार तेथे तीसच राहिले आहेत, की सगळे ‘स्वेटर’ या एकाच नावाखाली गोळा झाले आहेत, हे पहिल्या पानावरच दिसते.