घरावर तिरंगा : विकणाऱ्यांनी आणि बसवणाऱ्यांनीही नियम जाणावेत

ऑगस्ट आणि जानेवारी जवळ आले की कटलरीच्या दुकानापासून हातगाडीपर्यंत सगळीकडे तिरंगा विक्रीस येतो. शिलाईवाले, छपाईवाले, पाइप व ब्रॅकेट विकणारे हार्डवेअरवाले अशा अनेकांना या दिवसांत चार पैसे मिळतात. परंतु "हा लावायचा कसा?" असे गिऱ्हाइकाने विचारले तर किती दुकानदारांना धड उत्तर देता येईल? राष्ट्रध्वजाचा अपमान केल्यास १९७१ च्या कायद्यान्वये तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. केशरी पट्टा मुद्दाम खाली करून ध्वज लावणे हाही गुन्हा आहे. कायदा हेतू पाहतो हे खरे, पण आपला हेतू वाईट नव्हता हे चौकीत बसून सांगण्याची पाळी कशाला यावी?

ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून अमलात आली आणि सर्वसामान्य नागरिकाला वर्षभर ध्वज लावण्याची मुभा मिळाली. हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी नवीन जिंदाल यांच्या खटल्यात सांगितले. सूर्यास्ताला उतरवण्याची अटही जुलै २०२२ मध्ये सैल झाली. आता घरावरचा ध्वज रात्रंदिवस ठेवता येतो.

खरी गल्लत होते ती बसवताना. बाल्कनीतून किंवा खिडकीतून तिरपी काठी बाहेर काढली असेल तर केशरी पट्टा काठीच्या बाहेरच्या टोकाकडे हवा. काठी खालच्या बाजूला झुकली की केशरी रंगही खाली जातो. म्हणून ब्रॅकेट वर तोंड करूनच बसवावा. भिंतीत ड्रिल मारून गिट्टी ठोकावी, मग स्क्रू आवळावेत. नुसत्या खिळ्यावर लावलेला ब्रॅकेट श्रावणातल्या वाऱ्यात टिकत नाही. भिंतीवर आडवा लावल्यास केशरी वर, हे सर्वांना ठाऊक असते. उभा लावताना मात्र पुष्कळ जण चुकतात. तेव्हा केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यावा लागतो. काठीच्या टोकावर फूल, हार किंवा दुसरे काहीही ठेवू नये. शेजारी दुसरा झेंडा लावायचा असेल तर तो तिरंग्याच्या बरोबरीने वा त्याहून उंच नको. ध्वज जमिनीला टेकता कामा नये.

आता धंद्याचे. ध्वजाची लांबी-रुंदी ३ : २ या प्रमाणातच हवी. घरासाठी ९०० बाय ६०० किंवा ४५० बाय ३०० मिलिमीटर हे माप सोयीचे. कापड वाचवण्यासाठी पट्टी कमी करणारे कारागीर आहेत. मग चक्र लंबगोल दिसते आणि माल परत येतो. चक्राच्या आऱ्या २४, रंग गडद निळा, छाप दोन्ही बाजूंनी. शिवणाऱ्याने काठीचा नेफा शिवताना केशरी बाजूच्या टोकाला खूण करून दिली तर गिऱ्हाइकाचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

पूर्वी हातकताई व हातविणीचेच कापड चालत असे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरचे व पॉलिएस्टरचे कापडही चालू लागले. खादी विणणाऱ्यांच्या पोटावर याने पाय आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र पावसात पॉलिएस्टर लवकर वाळते, हेही तितकेच खरे. ध्वजाच्या विक्रीवर जीएसटी नाही. पॉलिएस्टरचा व यंत्रावरचा ध्वजही यात येतो, असा खुलासा ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. पण माल करमुक्त असल्याने कापडावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. दर ठरवताना तो खर्च धरावा.

ध्वजावर दुकानाचे नाव छापून वाटण्याची हौस काहींना असते. ती आवरावी. ध्वजावर कोणताही मजकूर चालत नाही, आणि ज्या काठीवर ध्वज आहे तिला जाहिरातीची पाटीही बांधता येत नाही. रुमाल आणि उशांचे अभ्रे यांवर तिरंगा छापण्याची ऑर्डर आली तर सरळ नकार द्यावा.

उरलेला चांगला माल कोरड्या जागी घडी करून ठेवावा, पुढच्या वर्षी चालतो. फाटलेला, विटलेला किंवा छपाईत बिघडलेला ध्वज चिंधीच्या भावात भंगारवाल्याला देऊ नये, पुसायलाही घेऊ नये. तो एकांतात, अदबीने, शक्यतो जाळून, संपूर्णपणे नष्ट करावा, असे संहिता सांगते.