नव्या लॅपटॉपाचें मौन

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां लॅपटॉप आलेला आहे. आणि तो घरांतील कोणा एकाचा नसून सर्वांचा असतो, हें एकत्र कुटुंबांत राहणारांस सांगावयास नकोच. सकाळीं सूनबाईंचें कचेरीचें काम, दुपारीं मुलांचा अभ्यास आणि रात्रीं आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकाचे उद्योग, असा त्याचा दिवस जातो. असें यंत्र एका रात्रींत मुकें झालें म्हणजे घरावर काय प्रसंग येतो, तें आम्हीं गेल्या आषाढांत अनुभविलें. त्या हकीकतींत आमची फजिती बरीच आहे. परंतु ती झांकून ठेवण्याचें आमचें वय आतां राहिलें नाहीं.

लॅपटॉप अक्षय्यतृतीयेस घेतलेला, म्हणजे अवघा दोन महिन्यांचा. जुनें यंत्र दुकानदारास बदलींत दिलें व त्यांतील मजकूर पेनड्राइव्हवर उतरवून नव्यांत घातला. मजकूर म्हणजे मुख्यतः आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत. आमचे पूर्वज कोंकणांतून नाशकास यात्रेस येत, त्यांच्या नोंदी रामकुंडावरील आमच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत आहेत. त्यांवरून पुरुषांचीं नांवें आम्हांस जुळवितां आलीं. परंतु लेकी कोठें दिल्या, त्यांचीं माहेरचीं नांवें काय, पहिल्या बाळंतपणांत कोण गेली, हें आम्हांस त्या वह्यांत सांपडलें नाहीं. तें आमच्या थोरल्या भगिनीस, अक्कास, मुखोद्गत होतें. वैशाख-ज्येष्ठांत तिनें पलंगावर पडल्या पडल्या सांगावें आणि आम्हीं लॅपटॉपावर उतरून घ्यावें, असा क्रम चालला. ज्येष्ठाच्या अखेरीस अक्का गेली. तिनें सांगितलेलें तेवढें सगळें त्या एका यंत्रांत होतें; पेनड्राइव्हवरची प्रत अक्षय्यतृतीयेची.

त्या रात्रीं पाऊस कोसळत होता. गोदावरीचें पाणी दुतोंड्या मारुतीला लागल्याची बातमी घेऊन आमचे धाकटे बंधु नुकतेच भिजून आले होते. लॅपटॉपानें आपण होऊन सूचना दिली कीं फर्मवेअर नवें करावयाचें आहे, विजेची जोडणी काढूं नये व यंत्र बंद करूं नये. आम्हीं संमति दिली. पडद्यावरील रेघ निम्म्याहून थोडी पुढें गेली असेल नसेल, तोंच वाड्यांतील वीज गेली. यंत्राची स्वतःची बॅटरी भरलेली असल्यामुळें पडदा उजळलेलाच होता. परंतु कांहीं वेळानें तोहि काळा झाला. आंतला पंखा मात्र घोंघावत राहिला.

“दादा, बटण दाबून धरा, पुन्हा सुरू होईल,” असें बंधु म्हणाले. “मामंजी, सकाळपर्यंत हात लावूं नका,” असें सूनबाई म्हणाल्या. आम्हीं पाऊण तास वाट पाहिली आणि मग घरांतील वडील या नात्यानें बटण दाबून धरलें. पंखा थांबला. त्यानंतर त्या यंत्रानें ना आवाज काढला ना उजेड दाखविला. फर्मवेअर बदलत असतां पडदा कांहीं मिनिटें काळा राहणें व यंत्रानें दोन-तीनदां आपोआप मिटून उघडणें हें नेहमींचेंच आहे, असें आम्हांस पुढें कळलें. पाऊण तास मात्र नेहमींचा नव्हे. तें आधींच गेलें होतें कीं आमच्या अंगठ्यानें गेलें, याचा निकाल आजहि लागलेला नाहीं. घरांत दोन्ही पक्ष कायम आहेत.

फर्मवेअर म्हणजे काय, हें आम्हांस या प्रसंगापूर्वीं ठाऊक नव्हतें. आपण सकाळीं जागे झालों कीं भूमीवर पाय ठेवण्याआधीं प्रातःस्मरण करतों. यंत्रासहि जागें होतांच असें एक स्मरण लागतें: आपल्याला स्मृति किती, पडदा कोठें, कळफलक कोठें, आणि पुढील काम कोणाच्या हवालीं करावयाचें. हें स्मरण मदरबोर्डावरील एका नखाएवढ्या चिपेंत लिहिलेलें असतें. विंडोजसारखी मोठी प्रणाली त्याच्यानंतर उठते. म्हणून स्मरणच बिघडलें तर प्रणाली धड असून तिला उठविणारें कोणी राहत नाहीं.

आतां या चिपेचा एक स्वभाव ध्यानांत घेण्यासारखा आहे. तिच्यावर जुन्या अक्षरावर नवें अक्षर गिरवितां येत नाहीं. एकेक तुकडा, बहुधा चार किलोबाइटांचा, आधीं पुसावा लागतो व मग त्या जागीं नवें लिहावें लागतें. आमचें आयुष्य पाटीपेन्सिलींत गेलें असल्यामुळें ही गोष्ट चटकन् पटली. पुसून झालें आहे आणि लिहून व्हावयाचें आहे, असा एक क्षण प्रत्येक पाटीच्या नशिबीं येतो. त्याच क्षणीं शाळेची घंटा झाली तर पाटीवर जुना धडाहि नाहीं व नवाहि नाहीं. नवें फर्मवेअर कारखानदाराचेंच आहे कीं नाहीं हें यंत्र त्याच्या सहीवरून आधीं तपासून घेतें. परंतु लिहितां लिहितां हात थांबला तर त्या तपासणीचा काय उपयोग? शहाणे कारखानदार दोन पाट्या ठेवतात. जुनी तशीच ठेवून दुसरीवर लिहावयाचें, तें बरोबर उतरलें अशी खात्री झाली कीं मगच तिच्याकडे वळावयाचें. पहिलीला कांहीं झालें तर दुसरी आहेच. कित्येक यंत्रांत पेनड्राइव्हवरून हें स्मरण पुन्हा भरण्याची सोय असते. आमच्यांत ती असलीच तर आम्हांला ती कोणी सांगितली नाहीं. कंपनीचें नांव आम्ही मुद्दामच देत नाहीं.

दूरस्थ यंत्राची पाटी बिघडली तर काय होतें, याचें एक उदाहरण मंगळावरचें आहे. अमेरिकेचें व्हायकिंग-१ हें यान जुलै १९७६ मध्यें तेथें उतरलें व सहा वर्षें उत्तम चाललें. नोव्हेंबर १९८२ मध्यें त्याची बॅटरी नीट भरली जावी म्हणून पृथ्वीवरून नवी आज्ञावली पाठविण्यांत आली. ती जेथें लिहिली गेली तेथें त्या यानानें आपला अँटेना पृथ्वीकडे कसा वळवावा याची माहिती होती. माहिती पुसली गेली आणि यान जें मुकें झालें तें कायमचें.

हें वाचून “मग फर्मवेअरला हातच लावूं नये” असें कोणी म्हणेल. आमचे बंधु म्हणतातच. परंतु तें बरोबर नाहीं. याच प्राथमिक स्मरणांत चोरवाटा सांपडतात व त्या बुजविण्यास त्यावांचून दुसरा मार्ग नसतो. शिवाय यंत्र उठतांना कोणावर विश्वास ठेवावा हें ठरविणारीं जीं प्रमाणपत्रें २०११ सालचीं आहेत, त्यांची मुदत जून २०२६ पासून संपूं लागते. तीं बदलतांना कित्येक लॅपटॉपांचें फर्मवेअरहि नवें करावें लागतें.

आमचें यंत्र आम्हीं कंपनीच्या दुरुस्ती केंद्रांत नेलें. चिमट्यानें ती चिप धरून दुसऱ्या संगणकावरून तिच्यांत स्मरण पुन्हा भरणारे कारागीर असतात. परंतु तसें केल्यास हमी जाईल असें आम्हांस सांगण्यांत आलें. हमींत मदरबोर्ड फुकट बदलून मिळत होता. आम्हीं एका इंग्रजी कागदावर सही केली. आंतील मजकुराची जबाबदारी केंद्रावर नाहीं, असें त्यांत लिहिलें होतें. बारा दिवसांनीं यंत्र उजळलें आणि निळ्या पडद्यावर त्यानें अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागितली.

आपल्याला न विचारतां विंडोज पुष्कळ यंत्रांतील मजकूर कुलुपांत ठेवतें, ही गोष्ट घरोघरीं माहीत असावयास हवी. कुलुपाची किल्ली मदरबोर्डावरच जपलेली असते, म्हणून रोज ती कोणी मागत नाहीं. मदरबोर्ड बदलला कीं किल्ली गेली. मग ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानें यंत्र प्रथम उघडलें त्या खात्यांत ठेवलेली प्रत तेवढी उरते. “खातें कोणाच्या नांवाचें?” असें केंद्रांतील तरुणानें विचारलें. आमच्या नांवाचें कसलेंच खातें नव्हतें. “मग आजोबा, सगळें पुसून नवीन करून देतों, अर्ध्या तासाचें काम,” असें तो फार सौजन्यानें म्हणाला. आम्हीं तेथील खुर्चीवर बसलों. सूनबाईंनीं त्यास थांबण्यास सांगितलें आणि यंत्र तसेंच घरीं आणलें.

रात्रीं जेवतांना त्यांनाच आठवलें कीं मे महिन्याच्या सुटींत पुण्याची नात आली होती आणि नवा लॅपटॉप तिनेंच पहिल्यांदा लावून दिला होता. हात धुवून तिला दूरध्वनि केला. दहा मिनिटांनीं तिचा उलट आला: “आजोबा, सांपडली. वही घ्या.”

सहा अंकांचा एक, असे आठ गट. गुरूनें एकदां म्हणावें व शिष्यानें दोनदां, या संथेच्या रीतीनें आम्हीं ते घेतले. या वेळीं गुरु एकोणीस वर्षांची होती. तिनेंच सांगितलें कीं या किल्लींतील प्रत्येक गटास अकरानें निःशेष भाग जातो. १३५७९५ हा गट घ्या: एकाआड एक अंकांच्या बेरजा पंधरा आणि पंधरा, म्हणजे तो शुद्ध. एक अंक चुकला तर भाग जाणार नाहीं, आणि शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले तरीहि जाणार नाहीं. पद, क्रम, जटा, घन असे पाठ करून एकेक अक्षर राखणाऱ्या वैदिकांस ही युक्ति आवडली असती. आमचा पांचवा गट भागेना. पुन्हा विचारलें, तेव्हां आम्हीं ‘आठ’ ऐवजीं ‘सात’ लिहिल्याचें दिसलें.

किल्ली लागली. अक्कानें सांगितलेलीं पानें जशीच्या तशीं होतीं, शेवटच्या दिवशींचें अर्धें वाक्यहि. दुसऱ्या दिवशीं आम्हीं तीं छापून आणलीं आणि एक प्रत उपाध्यायांकडे, एक नातीकडे दिली. अठ्ठेचाळीस अंकांचा कागद देवघरांतील पेटींत जन्मपत्रिकांशेजारीं ठेविला आहे. किल्ली अशी उघड्यावर ठेवूं नये, असें सूनबाईंचें म्हणणें आहे. बंधु मात्र संध्याकाळीं निरांजन लावतां लावतां एखादा गट काढतात आणि तोंडीं अकरानें भागून पाहतात.