फिरता निधी का अडकतो? दिल्ली विकास प्राधिकरणाचे उदाहरण

सरकारी गृहनिर्माण यंत्रणेचे काम तपासताना आपण ‘किती घरे बांधली?’ असे विचारतो. अर्थसंकल्पाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे: गुंतवलेला पैसा किती काळात परत आला?

पार्श्वभूमी

दिल्ली विकास प्राधिकरण (डीडीए) १९५७ साली स्थापन झाले. १९६१ च्या भूसंपादन योजनेची सुरुवात ५ कोटी रुपयांच्या फिरत्या निधीने झाली. जमीन घ्यायची, तिचा विकास करायचा, ती विकायची आणि आलेला पैसा पुढच्या जमिनीत घालायचा, असे हे चक्र.

१९७९ च्या नोंदणी योजनेत सुमारे १.७ लाख लोकांनी नावे नोंदवली. अनेकांना घरासाठी दोन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले. तेव्हा अडचण होती ती कमी घरांची. २०१४ च्या योजनेत २५,०४० सदनिकांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. तरीही सोडतीत घर लागलेल्या अनेकांनी ते परत केले. खोल्या लहान, जागा शहरापासून दूर आणि वाहतूक अपुरी, ही त्याची मुख्य कारणे. २०१७ च्या योजनेतील सुमारे १२,००० सदनिकांपैकी बहुतांश अशाच परत आलेल्या होत्या.

गणित (आकडे काल्पनिक)

समजा, प्रत्येकी २५ लाख रुपये खर्चून ४०० सदनिका बांधल्या. एकूण खर्च १०० कोटी. सरळव्याजाचा दर ८ टक्के धरला तर दर वर्षी प्रत्येक सदनिकेवर २ लाखांचा बोजा चढतो. तीन वर्षे विक्री झाली नाही तर खर्च ३१ लाखांवर जातो. पहारा, लिफ्टची देखभाल व रंगकाम वेगळे. जे घर २५ लाखांना कोणी घेतले नाही, ते ३१ लाखांना कोण घेईल? किंमत उतरवली तर तोटा यंत्रणेच्या माथी. दोन्ही बाजूंनी पुढच्या प्रकल्पाचा पैसा अडतो आणि प्रतीक्षेतले कुटुंब आणखी थांबते.

व्यवस्थापनातील दुवा

दिल्लीत घरे डीडीए बांधते, पण पाणीपुरवठा दिल्ली जल बोर्डाकडे आणि मेट्रो वेगळ्या महामंडळाकडे आहे. बांधकाम वेळेत संपले तरी नळ आणि बस आली नाही, तर घर कागदावरच पूर्ण होते. म्हणून प्रकल्पाच्या वेळापत्रकात या यंत्रणांची कामेही धरली पाहिजेत.

स्वाध्याय

वरील उदाहरणात सुरुवातीलाच ५ कोटी जास्त खर्चून पाणी व बससेवेची सोय केली आणि सर्व सदनिका तीनऐवजी एका वर्षात विकल्या गेल्या, तर व्याजासह एकूण खर्चात किती फरक पडेल?